ओवाळणीचा पेन

आमच्या बऱ्हाणपुरात यमद्वितीयेच्या दिवशी एकाच गल्लीत दोन पूजा चालतात. मराठी घरांत भाऊबीज असते. पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, सगळा थाट ओळखीचा. शेजारच्या कायस्थ वकीलसाहेबांकडे त्याच सकाळी चित्रगुप्ताची पूजा असते. दिवाळीच्या रात्री ते लेखणी आणि दौत देवापुढं ठेवतात आणि द्वितीयेची पूजा होईपर्यंत एक अक्षर लिहीत नाहीत. वकीलसाहेबांचे वडील लहानपणी मला हाक मारून म्हणायचे, "बेटा, पहले कलम को प्रणाम करो, फिर मिठाई." मी घाईघाईनं नमस्कार करायचा, पेढा तोंडात टाकायचा आणि घरी पळायचं, कारण इकडे ताई ताट घेऊन खोळंबलेली असायची. त्यांच्या पाटावर लेखणी बसे आणि आमच्या पाटावर मी. हा फरक तेव्हा मला फारच योग्य वाटत असे.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. १९७२ साली लग्न होऊन ती रावेरला गेली. बऱ्हाणपूर ते रावेर हा आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, पण मध्ये राज्याची हद्द आहे. त्यामुळे माहेर मध्य प्रदेशात आणि सासर महाराष्ट्रात, अशी आमच्याकडच्या कित्येक बायकांसारखी तिचीही वाटणी झाली. तेव्हापासून दर भाऊबीजेला मी जातो. पहिली काही वर्षं खिशात असतील ते पाच-दहा रुपये ताटात टाकत होतो. बँकेत लागल्यावर साड्या सुरू झाल्या. मग ताई म्हणाली, कपाटात जागा नाही, तेव्हा पाकिटं सुरू झाली. पाकीट देणं फार सोपं असतं. त्यात बहिणीचा विचार करावा लागत नाही.

गेल्या वर्षी नवरात्रात भाचीचा फोन आला. म्हणाली, "मामा, आई हल्ली दुपारी लिहीत बसते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात तशा वहीत उतरवते आहे. दोन वह्या झाल्या. पण अंगठा फार दुखतो तिचा. चार ओळी झाल्या की हात झटकते. तिला एखादा चांगला पेन बघा ना."

पेन हा शब्द ऐकला आणि मी गप्प झालो. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमचे बाबा कापडगिरणीत कारकून होते. त्यांच्याकडे एक काळा, जाड, ड्रॉपरनं शाई भरायचा पेन होता. कंपनीचं नाव केव्हाच पुसून गेलेलं. बाबा गिरणीतून आले की तो ताईच्या हाती जाई. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली रावेर, सावदा, फैजपूर, यावल या बाजूला दिलेल्या आणि सुना तिकडून आणलेल्या. त्या सगळ्यांची मराठी पत्रं ताई लिही. कचेरीत अर्ज द्यायचा असला तर तोच पेन, तीच मुलगी, फक्त भाषा हिंदी. एकीकडे शाई म्हणायचं, दुसरीकडे स्याही, पण लिपी एकच, त्यामुळे निबेला काही फरक पडत नव्हता. आमच्या गावाला ही सवय जुनीच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानानं बांधलेल्या जामा मशिदीत एकाच इमारतीत अरबी शिलालेख आहे आणि संस्कृतही.

ताईची शाळा आठवीला थांबली. पुढचं शिक्षण दोघांचं झेपण्यासारखं नव्हतं आणि दोघांतून एकाला निवडायचं म्हटल्यावर कोणाला निवडलं जाईल, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. १९७१ साली मी कॉलेजसाठी इंदूरला निघालो तेव्हा बाबांनी तो पेन माझ्या खिशाला लावला. ताई दारात उभी होती. तिनं माझा डबा बांधला, शाईची बाटली सांडू नये म्हणून तिला फडकं गुंडाळलं आणि काही बोलली नाही.

पुढच्याच वर्षी मी तो पेन हरवला. खंडव्याला मोठी गाडी सोडून इंदूरच्या छोट्या लाइनीची गाडी धरावी लागे. त्या पळापळीत कुठंतरी तो पडला. घरी कोणाला सांगितलं नाही. बाबांनी विचारलं नाही. ताईला सांगायचं राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच.

तेव्हा भाचीचा फोन ठेवताना मी मनाशी ठरवलं की यंदा ताईला पेनच द्यायचा, आणि साधासुधा नाही, चांगला द्यायचा. इतकं ठरवलं की काम झालं असं पुरुषांना वाटतं.

बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "किसके लिए?" मी म्हणालो, बहिणीसाठी. त्यानं लगेच मखमली डबी काढली. "लेडीज पेन है, साहब." गुलाबी रंगाचा, उदबत्तीएवढा बारीक, टोपणावर चमकते खडे. मी तो हातात घेतला. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या सुजलेल्या बोटांत ती काडी कशी राहणार, हे मलाही समजलं. बाकी सगळे बॉलपेन आणि जेलपेन. रिकाम्या हातानं परतलो.

वाटेत गंमत वाटत होती. लेखणी स्त्रीलिंगी, दौत स्त्रीलिंगी, शाई स्त्रीलिंगी, निबसुद्धा स्त्रीलिंगी. पेन तेवढा पुल्लिंगी, आणि तो वर्षानुवर्षं पुरुषांच्या खिशाला. विलायतेतही वेगळं नव्हतं. तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांसाठी आखूड, बारीक पेन निघाले. त्यांना टोपणाच्या शेंड्याला कडी असे, कारण बायकांच्या कपड्यांना खिसे नव्हते. साखळीत ओवून पेन गळ्यात घालायचा. १९५८ साली शेफर कंपनीनं 'लेडी शेफर' काढला, तो दागिन्यासारखाच सजवलेला होता. म्हणजे बाईसाठी पेन करायचा म्हणजे तो बारीक आणि सुंदर करायचा, ही समजूत आमच्या दुकानदाराची एकट्याची नव्हे. आपल्याकडच्या बाईंनाही खिसा नव्हताच. आमच्या शाळेतल्या बाई पेन अंबाड्यात खोचत. पण त्यांचा पेन मास्तरांच्या पेनाएवढाच जाड होता.

दिवाळीच्या आधी मुलीकडे पुण्याला जाणं झालं. तिनं मला हातानं पेन घडवणाऱ्या एका कारागिराकडे नेलं. आपल्या देशात ही कला स्वदेशीच्या दिवसांपासून चालत आली आहे. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम् यांनी १९३२ साली असे पेन करायला सुरुवात केली आणि त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून आभाराचं पत्र पाठवलं. मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईचा धंदा मांडला. पुढं त्यालाच कॅम्लिन हे नाव मिळालं, आणि आमची सगळी बालपणं त्या शाईनं निळी झाली. आता रोजच्या वापरातून शाईचा पेन गेला, पण लेथवर पेन वळवणारे हात उरले आहेत.

कारागिराची खोली लहान होती. एक लेथ, भिंतीला लावलेल्या कांड्या आणि हवेत गंधकाचा उग्र वास. तो एबोनाइटचा. रबरात भरपूर गंधक मिसळून बराच वेळ तापवलं की ते लाकडासारखं कडक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही युक्ती माणसाला माहीत आहे. त्याची कांडी लेथवर चढवायची, आतून भोक पाडायचं, टोपण बसावं म्हणून आटे पाडायचे, बाहेरून वळवून आकार द्यायचा आणि मग बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदांनी घासत राहायचं. शेवटी कापडावर झिलई. निबेखालची जीभसुद्धा एबोनाइटचीच चांगली, कारण ती शाई नीट धरते आणि बेतानं सोडते.

मी त्याला म्हणालो, "बहिणीसाठी पाहिजे. एखादा लेडीज..." त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. शांतपणे वही उघडली आणि विचारायला लागला.

"काका, त्या पेन कुठं धरतात? निबेजवळ की वर?"

मी विचार करायला लागलो.

"टोपण मागं लावून लिहितात की काढून ठेवतात? अक्षर केवढं आहे? दाब देतात का? टेबलाशी बसतात की मांडी घालून? कागद कुठला?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. ज्या मुलीच्या शेजारी बसून मी अक्षर गिरवायला शिकलो, तिचा लिहिता हात मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या हातचं खाल्लं, तिच्या हातून ओवाळून घेतलं. पण त्या हाताला लिहिताना काय लागतं, हे मला माहीत नव्हतं.

कारागीर म्हणाला, "बाईंचा आणि पुरुषांचा असा पेन नसतो, काका. हाताचा असतो. तुम्ही एकदा बघून या, मग फोन करा."

परतताना बऱ्हाणपूरला न उतरता आधी रावेर गाठलं. ताई म्हणाली, "अरे, दिवाळीला वेळ आहे अजून!" मी म्हटलं, सहज आलो. जेवण झालं. दुपारी तिनं चष्मा लावला, भिंतीला टेकून मांडी घातली, मांडीवर पाट घेतला, पाटावर वही. मी पेपर वाचतोय असं दाखवून बघत बसलो.

तिनं बॉलपेन अंगठ्यात धरलाच नाही. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात अडकवला आणि मूठ कागदावर ढकलत लिहू लागली. अंगठा बाजूला उभा, कोणाला तरी वेगळं बसवावं तसा. बॉलपेन दाबल्याशिवाय उमटत नाही आणि जवळजवळ उभा धरावा लागतो. प्रत्येक अक्षराला ती खांद्यापासून जोर लावत होती. एक ओवी पुरी झाली की हात झटकायची, ओठ हलवून पुढची ओळ आठवायची, पुन्हा लिहायची.

मला त्या क्षणी बहिणाबाई चौधरी आठवल्या. जळगाव म्हणजे आमच्या रावेरचं जिल्ह्याचं गाव. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या गात गेल्या आणि दुसऱ्यांनी टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. अशा ओव्या रचणाऱ्या किती जणींच्या शेजारी टिपून घेणारं कोणी नसेल! आमची आई त्यांतलीच एक. तिच्या ओव्या ताईच्या डोक्यात होत्या, आणि ताईकडे अक्षरही होतं. मध्ये अडत होता तो फक्त अंगठा.

"काय बघतोस?" ताई वर न बघताच म्हणाली.

"अक्षर बघतोय."

"कसलं अक्षर! ह्या पेनात जीव नाही रे. काना आणि वरची रेघ एकसारखीच येते. बाबांच्या पेनानं कसा काना जाड यायचा! घासून घासून निब तशी झाली होती ना. उभी रेघ जाड आणि आडवी बारीक. पानभर लिहिलं तरी वाचताना डोळे दमत नसत."

मी पेपराची घडी केली. आता बोलायला हवं होतं. "ताई, तो पेन..."

"हरवलास. माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्याच पत्रांनी. पहिल्या वर्षी तुझी पत्रं यायची ती जाड कान्याची. दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं त्यात काने एकदम काडीसारखे. तेव्हाच समजले. नवीन लग्न होऊन आले होते इथं. कोणापाशी बोलू? दोन दिवस रडले बघ त्या पेनासाठी. मग म्हटलं, हरवला तर हरवला, पोरगा तर शिकतोय ना." एवढं बोलून ती चष्मा पुसायला लागली. "बोलला असतास तर बरं वाटलं असतं. एवढंच."

मी काय बोलणार? उठून दोघांसाठी चहा केला. साखर जास्त झाली. ती निमूटपणे प्याली.

दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरहून कारागिराला फोन केला तेव्हा मला सगळी उत्तरं पाठ होती. मांडीवर पाट घेऊन लिहितात. अंगठा चालत नाही. पेन बोटांच्या बेचक्यात मागं टेकलेला राहतो. अक्षर मोठं, गोल. वही साधी शाळेची.

मग एकेक गोष्ट ठरत गेली. पेन जाड हवा. बॉलपेन आठ-नऊ मिलिमीटरचा असतो, हा धरण्याच्या जागी बारा मिलिमीटरचा करायचा आणि तिथं मध्यभागी किंचित खोलगट, म्हणजे बोटं घसरणार नाहीत. पितळेचा नको, जड होईल. एबोनाइट वजनाला हलकं, हाताला थंड लागत नाही आणि घामानं निसटत नाही. बेचक्यात टेकायचा म्हणून लांबी पुरेशी, म्हणजे टोपण मागं लावायची गरज नाही. टोपण दीड फेऱ्यात उघडलं पाहिजे, जास्त आटे नकोत. क्लिप लागणार नाही, कारण खिसाच नाही. पण पाटावरून घरंगळू नये म्हणून टोपणाला एक लहानसा उंचवटा.

शाई कशी भरायची, यावर जरा घोळ झाला. आत फिरवून शाई ओढायची नळी बसवली तर ती एक मिलिलिटरसुद्धा शाई घेत नाही, आणि पुन्हा पुन्हा फिरवायला अंगठा हवाच. ड्रॉपरनं सरळ पोटात भरली तर तीन मिलिलिटर मावते, बरेच दिवस पुरते. त्यात खोड एकच. शाई अर्ध्याखाली गेली की आत हवा साठते, ती हाताच्या उबेनं फुगते आणि निबेतून थेंब ढकलते. आमच्या भागातला उन्हाळा ठाऊक असल्यामुळे मी बिचकलो. पण ताईच्या घरी नातू आहे. अर्धी झाली की तो भरून देईल, असं ठरवून ड्रॉपरच घेतला. ताईच्या ओळखीचाही तोच.

राहिली निब. मी सांगितलं, "उभी रेघ जाड यायला हवी, आडवी बारीक. काना ठसठशीत पाहिजे."

कारागीर हसला. "मग रुंद निब घेऊन तिचं टोक दगडावर घासून चपटं करतो. बोरूसारखं. देवनागरीला ते फार शोभतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बहिणीनं," मी म्हटलं.

रंग मात्र मीच निवडला. गुलाबी नाही. काळ्यात हिरव्या लाटा असलेली कांडी होती, रावेरच्या केळीच्या बागेत संध्याकाळी दिसतो तसा रंग. तो बजावून म्हणाला, उन्हात ठेवू नका, एबोनाइट फिकं पडतं.

सोबत कागद हवा होता. आमच्या जिल्ह्यात नेपानगरला देशातला पहिला वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना उभा राहिला. १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. आमच्या पिढीला त्याचा कोण अभिमान! पण वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, हे मी लहानपणी पुष्कळ अनुभवलं आहे. म्हणून गुळगुळीत जाड कागदाच्या सहा वह्या बांधून घेतल्या.

भाऊबीजेला सकाळीच रावेर गाठलं. निघताना वकीलसाहेबांच्या घरी पूजेची तयारी चालली होती. त्यांनी नेहमीसारखी हाक मारली. मी आत गेलो, कलम-दवातीला नमस्कार केला. या वेळी घाई केली नाही.

ताईनं रांगोळी काढून पाट मांडला होता. मी बसायच्या आधी खिशातून लांबट डबी काढून तिच्या हाती दिली. तिनं टोपण उघडलं. दीड फेऱ्यात उघडलं. पेन बेचक्यात ठेवून पाहिला. दंडाला जोर न देता हवेतच एक अक्षर काढलं. मग माझ्याकडे न बघता तो पाटावर ठेवला, त्याला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या आणि निरांजन ओवाळलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"थांब जरा. आज तुझा नंबर दुसरा," ती म्हणाली.

मी बाजूला उभा राहून पाहत होतो. पेनाचं झाल्यावर तिनं तो उचलून वहीवर ठेवला आणि मला बस म्हणाली. ओवाळताना तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. नातू मात्र खो खो हसत होता की आजीनं पेनाला ओवाळलं.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. आमच्या दोघांकडे फोन आहेत, पण तिनं मुद्दाम पोस्टकार्ड लिहिलं होतं. मजकूर वाचण्याआधी मी कार्ड उजेडात धरून अक्षर पाहिलं. एकेक काना जाड, शिरोरेघ बारीक, ओळ सरळ. मग मजकूर वाचला. तो दोन ओळींचा होता. तिसरी वही सुरू केली आहे. शाई संपत आली, येताना मोठी बाटली आण.